सीमाभागातल्या माणसांचे पोर्ट्रेट : चेहऱ्यामागं गाव कसं आणायचं?

मलप्रभाकाठ :

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. बेळगावात लग्नं, बारशी, साठीशांत यांचे फोटो काढून पोट भरते. सिझन संपला की कॅमेरा घेऊन स्वतःच्या कामाला निघते. ते काम म्हणजे आपल्या भागातल्या माणसांचे पोर्ट्रेट. वर कणकुंबी-जांबोटीच्या पावसाळी पट्ट्यापासून बेळगावच्या गल्ल्यांपर्यंत, पुढं निपाणी, चिकोडी आणि अथणीच्या कोरड्या रानापर्यंत. एका फोटोत एकच माणूस, सरळ लेन्समध्ये बघणारा. मी कुणाला हसायला सांगत नाही. खोटं खोटं जातं ओढायला किंवा चूल फुंकायलाही लावत नाही. तसले फोटो इतके झालेत की त्यातलं माणूस दिसेनासं झालंय.

आता अडलंय कुठं ते सांगते.

पुण्यातल्या एका ओळखीच्या मंडळींनी प्रदर्शनासाठी म्हणून हे फोटो बघितले. चेहरे आवडले. मग म्हणाले, ही माणसं कोल्हापूरची असतील, सावंतवाडीची असतील, सीमाभाग कुठं दिसतोय? मागं कानडी पाटी येऊ दे, बसस्टँड येऊ दे, १ नोव्हेंबरला काळा दिन म्हणून निषेधाची फेरी निघते, तिच्यातली माणसं घे. परगावच्या माणसाला काहीतरी खूण लागते, हे मला मान्य आहे. पण पाटी आली की बघणारा आधी पाटी वाचतो. वर कोणती भाषा, खाली कोणती, अक्षर केवढं. त्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोचेस्तोवर त्याला कुठल्या तरी बाजूला बसवून मोकळा झालेला असतो. हलशीला देवळाजवळ शेंगा विकणाऱ्या एका बाईंचा फोटो आहे माझ्याकडं. काय नजर आहे त्यांची! कोपऱ्यात अर्धी पाटी आलीय, तर दाखवला त्या प्रत्येकानं पाटीबद्दलच विचारलं.

दुसरी अडचण याच्या उलटी. जांबोटीच्या अलीकडं एका वाडीवर एक आजी राहतात. घर जांभ्या दगडाचं. पावसाळा सरत आलेला, भिंतीवर शेवाळ, खालच्या थरांवर लाल चिखलाचे शिंतोडे, दाराशी संध्याकाळचा मऊ उजेड. मला फोटो तिथंच हवा होता. आजी म्हणाल्या, "भिंत कशाला ती? पोपडं आलेली. लोकं म्हणतील ह्यांच्या घरात करणारं कोण न्हाई." आत गेल्या आणि मोठ्या गुलाबांची चादर घेऊन आल्या, नातवाकडून दोन खिळ्यांना बांधून घेतली. ठेवणीतली इरकल नेसल्या, पदर डोक्यावरून घेतला, स्टुलावर बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी फोटो काढला. त्यात आजी ज्या ताठपणानं बघताहेत तसं माझ्या कामात क्वचितच कुणी बघितलंय. पण मागं गुलाब. जांभा नाही, पाऊस नाही, जांबोटी नाही.

तिसरं म्हणजे फोटोखाली लिहायचं काय. चिकोडीकडच्या एका शेतकऱ्यांच्या घरात कानडी, बाजारात मराठी. मला आधी "याव ऊररी?" म्हणजे कुठल्या गावच्या, म्हणून विचारलं, मी खानापूर म्हटल्यावर मराठीत वळले. फोटोखाली काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, "माझं नाव लिही, आणि ह्याचं पण लिही," आणि बैलाच्या वशिंडावर हात ठेवला. मला ते फार पटलं. प्रदर्शनवाल्यांना मात्र मातृभाषेचा रकाना भरून हवाय.

माणूस आणि त्याची जागा यांचं नातं पाटीशिवाय दिसू शकतं का? आणि आपली जागा दाखवायची नाही असं माणसानंच ठरवलं, तर मी काय करावं? जाणकारांनी आणि फोटो काढून घेणाऱ्यांनीही सांगावं. दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त बोलली तर मला अधिक उपयोग होईल.

निपाणीचा स्टुडिओ :

पोरी, आजींची चादर काढू नकोस. तो फोटो तसाच ठेव, पहिला ठेव.

आमच्या वडिलांनी निपाणीत स्टुडिओ काढला, पुढं मी चालवला, आता मुलगा पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स बघतो. स्टुडिओत भिंतभर पडदा होता. रंगवणारा पेंटर टॉकीजचे बोर्ड आणि नाटकाचे पडदे करायचा. पडद्यावर संगमरवरी जिना, कठडा, मागं तळं आणि चंद्र. निपाणीत असला जिना कुठला आणि असलं तळं कुठलं? पण तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबणाऱ्या बायका बाजारादिवशी न्हाऊन, डोक्यात अबोली माळून यायच्या आणि त्या जिन्यापुढं उभ्या राहायच्या. पुढ्यात टेबल, त्यावर फुलदाणी, टेबलावर एक हात. साडी धुतलेली असली तरी तंबाखूचा वास असायचाच. त्यांना वखारीत येऊन फोटो काढतो म्हटलं असतं तर एक तयार झाली नसती. वखार रोजच होती त्यांना. फोटोचा दिवस एखादाच.

आणि तो पडदा उपरा होता असंही समजू नकोस. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यानं भाऊ, सख्खे नव्हेत, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, पुढं बाबूरावांनी सिनेमे काढले. ह्या सगळ्या पट्ट्यात कंपन्या फिरायच्या, लोक बैलगाड्या जुंपून नाटकाला जायचे. रंगमंचावर राजा ज्या जिन्यापुढं उभा राहिला, त्या जिन्यापुढं आपणही एकदा उभं राहावं, ही आस इथल्याच माणसांची. म्हणून पडद्यावरचा चंद्र मला निपाणीचाच वाटतो. आजीचे गुलाबही तसेच, जांबोटीचे.

दुसरी गोष्ट तुला कुणी सांगितली असेल-नसेल म्हणून सांगतो. एकट्या म्हाताऱ्या माणसाचा सरळ बघणारा फोटो आपल्याकडं भिंतीवर लागतो तो बहुतेक माणूस गेल्यावर. त्यामुळं तू कॅमेरा रोखलास की कितीतरी म्हाताऱ्यांच्या मनात तेच येतं. काही जण घाबरतात. काही जण मुद्दाम त्याचसाठी यायचे आमच्याकडं. "पुढं लागंल, आत्ता दात हाईत तवर काढून ठेवा," असं स्पष्ट सांगायचे. ज्यांनी आधी काढून ठेवला नाही, त्यांच्या घरची माणसं नंतर एखादा जत्रेतला घोळक्याचा फोटो घेऊन यायची. त्यातला नखाएवढा चेहरा मोठा करायचा, निगेटिव्हवर पेन्सिलनं डोळे-मिशा नीट करायच्या, छापल्यावर अंगात कोट रंगवायचा. एक बाई म्हणाल्या होत्या, "त्यांनी जन्मात कोट घातला न्हाई. पर घाला." मी घातला. तो फोटो त्या घरात अजून आहे आणि नातवंडं त्याच कोटातल्या आज्याला ओळखतात.

खरं-खोटं ठरवायला आपण कोण? माणसाला आपण कसं दिसावं वाटतं, तेही त्याचंच असतं. तू फक्त आधी सांग, फोटो कशासाठी काढतेस, कुठं लावणार आहेस. मग बसू दे त्याला हवं तिथं.

शहापूरचा चित्रकला शिक्षक :

निपाणीकरांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं. त्यांच्या चादरीच्या मुद्द्याला एक दाखला जोडतो. आफ्रिकेत मालीमधल्या बामाको शहरात सेदू केइता या छायाचित्रकारानं १९४८ साली स्टुडिओ सुरू केला. सुरुवातीला मागं पडदा म्हणून स्वतःच्या पलंगावरची चादर लावली. दोन-तीन वर्षांनी कापड बदलायचा, आणि आज त्या कापडांच्या नक्षीवरून फोटो कोणत्या काळातला हे ठरवता येतं. लोक रेडिओ, घड्याळ, फाउंटन पेन घेऊन बसायचे. काम बहुतेक अंगणात, दिवसाच्या उजेडात. मागं बामाकोची एकही इमारत नाही, तरी त्या फोटोंकडं बघून तुम्ही दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव घेऊ शकत नाही. कापड, नक्षी, हात ठेवायची ढब यांतून गाव आलेलं आहे.

याच्या उलट गोष्ट आपल्याजवळ घडलेली. १८६०च्या दशकात मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज सरकारी नोकरानं इथल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसांचे फोटो वेगळे घेतले, ती आकृती कापली आणि निरनिराळ्या जागांच्या दृश्यांवर बसवली. मागं जागा आहे, पण तो माणूस तिथं उभा राहिलेलाच नाही! पुढं १८६८ ते १८७५ मध्ये सरकारनं साऱ्या हिंदुस्थानातल्या लोकांचा आठ खंडांचा संग्रह छापला. खाली माणसाचं नाव क्वचित, जातीचं किंवा जमातीचं नाव ठळक. प्रदर्शनवाले तुमच्याकडं मागताहेत तो रकाना मला याच घराण्यातला वाटतो. भरू नका.

आता तुमच्या भिंतीबद्दल. जागा फक्त मागं नसते, ती चेहऱ्यावरही पडलेली असते. जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात ढगांमुळं उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या जवळजवळ नसतात, कातडी ओलसर दिसते. अथणीला फेब्रुवारीत दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, सुरकुती चिरेसारखी दिसते. पश्चिमेकडची जमीन लाल, पूर्वेकडची काळी. खानापूरकडं अंगणात माणूस उभा केला की लाल मातीवरून उजेड उसळून हनुवटीखाली, गालाखाली तांबूस छटा येते. लग्नाच्या फोटोत ती आपण काढून टाकतो. तुमच्या या कामात ती ठेवा. फार झाली तर पायाशी काळं घोंगडं अंथरा, उजेड शोषला जाईल. पांढरं धोतर अंथरलंत तर उलट खालून स्वच्छ उजेड मिळेल. कॉम्प्युटरवर रंग सारखे करत बसू नका. सगळे फोटो ओळीनं लावल्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडं जाताना चेहऱ्यांचा रंग आणि सावली बदलत गेली पाहिजे. ज्याला बघायचं त्याला भूगोल तिथं दिसेल.

बेळगाव ही व्यक्तिचित्रणाची भूमी आहे, हे नव्या मुलांना सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. के. बी. कुलकर्णी सरांनी याच गावात राहून व्यक्तिचित्रं रंगवली, मुलं घडवली. रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. समोर बसलेल्या माणसाकडं तासन्‌तास बघत राहायची शिस्त त्या परंपरेत आहे. कॅमेऱ्यानं ती शिस्त सुटते, कारण काम एका क्षणात होतं. तुम्ही बटण दाबायच्या आधी किती वेळ बघता, हे मला तुमच्या लेन्सपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कंग्राळीचा :

सर्वांचा मान राखून वेगळं मत मांडतो.

पाटी टाळून चेहऱ्यात आणि उजेडात गाव शोधायचं, हे ऐकायला चांगलं वाटतं. पण आमच्या आयुष्यात पाटी आहे की हो! १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं झाली आणि आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो. १९६६ ला ह्या सीमेच्या वादासाठी महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला. २००४ ला महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २०१४ ला सरकारदरबारी बेळगावचं नाव बदलून बेळगावी केलं. आमच्या घरात लहान पोराला ह्या तारखा पाठ आहेत. असं असताना फोटोतून ते सगळं पुसून निव्वळ सुंदर चेहरे दाखवायचे, तर ज्यांनी ह्यासाठी जन्म घालवला त्यांना काय वाटेल? पाटी न दाखवणं हीसुद्धा एक बाजूच झाली.

माझ्या वडिलांचं सांगतो. शाळा मराठी, दाखला मराठी. रेशनकार्ड कानडी, सातबाऱ्याचा उतारा कानडी. त्यांना कानडी बोलता येतं, बाजारापुरतं चांगलं येतं, पण वाचता येत नाही. उतारा आला की नातवाला हाक मारतात आणि त्यावर आपलं नाव बरोबर आहे का ते वाचून घेतात. माणूस स्वतःच्या जमिनीच्या कागदावरचं स्वतःचं नाव दुसऱ्याकडून वाचून घेतो, ताई. ओळख ओळख म्हणतो ती आमच्या घरात अशी आहे. तुम्हाला त्यांचा फोटो काढायचा असेल तर जरूर या. हातात दाखला आणि उतारा दोन्ही धरून काढा. चादरीपुढं काढू नका.

शहापूरचा चित्रकला शिक्षक :

कंग्राळीकर, तुमच्या वडिलांची गोष्ट वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ती या मालिकेत आलीच पाहिजे. माझी अडचण फक्त हातात कागद धरण्यापुरती. पॅरिसच्या पोलीस खात्यात अल्फोन्स बर्तियों यानं १८८०च्या दशकात गुन्हेगारांचे समोरून आणि बाजूनं फोटो काढायची पद्धत बसवली. तेव्हापासून कागद किंवा पाटी छातीशी धरलेला माणूस बघितला की मन नकळत त्याला आरोपीच्या जागी उभं करतं. तुमचे वडील आरोपी नाहीत. उतारा घरात जिथं ठेवलेला असतो तिथं, त्या जागेशी, ते बसू देत. नातू काय वाचून दाखवतो ते खाली मजकुरात येऊ दे. गट नंबर, नाव-पत्ता वाचता येईल असा कागद प्रदर्शनात लावूही नये, ते वेगळंच.

चिकोडीचा वाचक :

मी हे सगळं गप्प वाचत होतो. आमच्या घरी कानडी. शिक्षण निम्मं कानडी, निम्मं मराठी, वर्तमानपत्र दोन्हीतलं वाचतो. लिहिताना काही चुकलं तर समजून घ्या.

चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेला आमच्या घरची गाडी जाते, तशा सांगली-कोल्हापूरकडच्या गाड्याही येतात. भंडारा उधळल्यावर कोण कुठला हे कपाळावरून सांगता येत नाही. तुम्ही सीमाभागातली माणसं म्हणता तेव्हा त्यात आम्ही येतो का, एवढंच मला विचारायचं होतं. बैलाचं नाव लिहा म्हणणारे ते गृहस्थ तुमच्या फोटोंत आहेत हे वाचून उत्तर मिळालं.

एक मागणं आहे. फोटोखालचा मजकूर मराठीत आणि कानडीतही छापा. पुण्याच्या लोकांना त्याचा उपयोग नसेल. पण ज्या माणसाचा फोटो आहे त्याची नातवंडं आता बहुतेक कानडी माध्यमात नाहीतर इंग्रजीत शिकतात. कंग्राळीच्या आजोबांना उतारा वाचता येत नाही, तसा त्यांच्या नातवाला उद्या ह्या फोटोखालचा मराठी मजकूर वाचता आला नाही तर? कानडी मजकूर मी लिहून देईन, तपासूनही देईन. पैसे नकोत.

कंग्राळीचा :

चिकोडीकर, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझा मुलगा मराठी शाळेतच जातो, पण गल्लीतली निम्मी पोरं जात नाहीत, हे खरं आहे. दोन्हीत छापायला माझी हरकत नाही. मराठी वर असावं, एवढं माझं म्हणणं राहील.

मलप्रभाकाठ :

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीच्या काकांचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. कोटाच्या गोष्टीवर ती म्हणाली, आपल्या पणजोबांच्या फोटोतला कोटही रंगवलेलाच आहे. तो फोटो मी लहानपणापासून बघतेय, उद्या खाली काढून नीट बघणार आहे.

मी असं ठरवलंय. उभं कुठं राहायचं, काय नेसायचं, हातात काय घ्यायचं, हे समोरचा माणूस सांगेल. मी फक्त उजेड बघेन आणि तिथं राहून वाट बघेन. आजींचा गुलाबांचा फोटो मालिकेत पहिला. सरांनी म्हटल्याप्रमाणे रंग सारखे करणार नाही. आजींच्या हनुवटीखाली ती तांबूस छटा आहेच, मी मूळ फाइल उघडून बघितली. म्हणजे चादर असूनही लाल माती फोटोत आलेलीच होती.

पाटीबद्दल कंग्राळीकरांचं निम्मं म्हणणं मी घेते. मी कुणाला पाटीपुढं नेऊन उभं करणार नाही. पण माणूस स्वतःच पाटीखाली बसत असेल तर त्याला तिथून उठवणारही नाही. बेळगावात एक टेलर आहेत, नाव लिहीत नाही. दुकानाच्या फळीवर आता कानडी अक्षरं आहेत, त्याखालचा जुना मराठी रंग पावसानं वर आलाय, दोन्ही अक्षरं एकमेकांत गुंतलीत. ते रोज त्या फळीखाली मशीन मांडून बसतात. आजवर मी त्यांचा फोटो आतल्या बाजूला, कपड्यांच्या रॅकपुढं काढायचा विचार करत होते. आता त्यांना विचारेन. ते मशीनवर बसतो म्हणाले तर फळी येईल, आणि बघणाऱ्यानं ती वाचली तर वाचू दे. पण लेन्स मी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवणार आणि फोकस डोळ्यांवर. फळी थोडी मऊ राहील, तरी वाचता येईल इतकी.

कंग्राळीकर, तुमच्या वडिलांना भेटायला नक्की येते. उतारा ते कुठं ठेवतात ते त्यांनाच विचारू.

चिकोडीकर, तुमची मदत हवीच आहे. मजकुरात चारच गोष्टी ठेवायच्या म्हणते : माणूस सांगेल ते नाव, तो सांगेल ते गाव, तो सांगेल ते काम, आणि त्याला आणखी लिहून हवं असेल ते एक वाक्य. भाषेचा रकाना नाही. ज्यांना नाव नको असेल त्यांचं नाव नाही. बैलाचं नाव मात्र लागणार. वर-खाली कोणती लिपी यावरून परत भांडण नको, म्हणून दोन्ही शेजारी-शेजारी छापूया का? हे प्रदर्शनवाल्यांना चाललं नाही तर आधी इथंच एखाद्या गावात, देवळाच्या सभामंडपात नाहीतर वाचनालयात लावेन. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे, खेड्यांतही लहान लहान वाचनालयं आहेत. ज्यांचे फोटो आहेत त्यांना पुण्याला जाणं कुठं जमणार?

काका, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. फोटो सगळ्यांना द्यायचे आहेत. आमच्याकडच्या पावसात ते टिकायला काय करू?

निपाणीचा स्टुडिओ :

खानापूरकडची ओल मला ठाऊक आहे. तिकडून दुरुस्तीला यायचे ते फोटो काचेला चिकटलेलेच यायचे. ओढले की चेहरा काचेवर आणि कागद हातात. म्हणून फोटो काचेला टेकवून फ्रेम करू नकोस. मध्ये जाड माउंट बोर्ड कापून घाल, म्हणजे काच आणि फोटो यांत फट राहते. फ्रेमच्या मागं वर्तमानपत्र कोंबू नकोस, त्याचं आम्ल उतरून फोटो पिवळा पडतो. आणि घरच्यांना सांग, बाहेरच्या भिंतीवर नको, आतल्या मधल्या भिंतीवर लावा. पावसाची ओल बाहेरच्या भिंतीतून येते.

आकार आठ बाय दहाच्या वर नको. मोठा फोटो दिलास की म्हातारी माणसं एकमेकांकडं बघतात, मी वर लिहिलंय त्यामुळं. लहानाला हार घालायचं कुणाच्या मनात येत नाही, तो कपाटावर उभा करतात, पाहुण्यांना हातात घेऊन दाखवतात.

मागच्या बाजूला नाव, गाव, तारीख लिहून दे. जाड सुती कागदावर छापलंस तर मऊ पेन्सिलनं, हलक्या हातानं. लॅबचा प्लास्टिकचा थर असलेला कागद पेन्सिल धरत नाही. त्याला न पसरणाऱ्या शाईचं बारीक पेन घे, आणि पूर्ण वाळेपर्यंत फोटो एकावर एक ठेवू नकोस.

प्रदर्शनाच्या आधी दे. त्यांनी बघितला, घरच्यांनी बघितला, शेजाऱ्यांनी बघितला, मग कुणी नको म्हटलं तर तो बाहेर लावायचा नाही. मापं कळव, माउंट बोर्ड मी कापून ठेवतो. दुकानात कटर अजून आहे, आणि आता त्याच्यावर फारसं काम नसतं.

चिकोडीचा वाचक :

शेजारी-शेजारी चालेल. कानडी मजकूर जरा लांब होतो, त्यामुळं रकाना रुंद ठेवा. पहिले फोटो आणि नावं पाठवा. नावं आधी त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून घ्या, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ मला ऐकून लिहिता येईल. बैलाचंही.

कंग्राळीचा :

वडिलांना विचारलं. म्हणाले, उतारा देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आहे, आणि फोटोला बसायचं तर पटका बांधूनच बसणार. सकाळी या, दहाच्या आत. नंतर ते शेताकडं जातात.